लाइट आल्या आल्या फ्यूज का उडतो?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसच्या ऊसपट्ट्यात ही तक्रार नेहमीची: शेतीपंपाची लाइट आली आणि लगेच डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज गेला. 'लोड जास्त झालाय' म्हणून विषय संपवला जातो. आकडेमोड मात्र वेगळंच सांगते.

१०० केव्हीए क्षमतेच्या डीपीतून दर फेजला (तीन तारांपैकी प्रत्येकीला) सुमारे १३३ अँपिअर मिळतात. ५ एचपीची मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते; अशा १५ मोटरींचे झाले ११२. झेपतं की! पण थेट सुरू होणारी मोटर पहिले काही सेकंद सहापट करंट ओढते. सगळीकडे ऑटो स्विच (लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणारे) असले की १५ मोटरी एकदम उठतात आणि मागणी ६०० अँपिअरच्या वर जाते.

एवढ्या ओढीने व्होल्टेज पडतं. मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. व्होल्टेज ८० टक्के, तर ताकद ६४ टक्केच. मोटर वेग घेत नाही, म्हणून करंट उतरत नाही. मग फ्यूज जातो, नाहीतर मोटरमधल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळते. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणाऱ्यांना डीपीच जाळायची असते, असं म्हणावं लागेल.

उपाय साधा आहे. ऑटो स्विचचा टायमर प्रत्येकाने २० सेकंदांच्या फरकाने लावायचा. १५ मोटरी पाच मिनिटांत चालू. पहिला नंबर डीपीपासून सर्वात लांबच्या पंपाला द्यावा, कारण तिथे व्होल्टेज सर्वात कमी पोचतं आणि लाइन तेव्हा रिकामी असते. ५ एचपीला २ केव्हीएआर मापाचा कपॅसिटर (मोटरच्या चुंबकत्वाला लागणारा करंट जागेवरच पुरवणारा) बसवला तर चालू मोटरीसाठी लाइनमधून येणारा करंटही उतरतो.

राज्याच्या ग्रिडचं (वीजजाळ्याचं) दुखणं हेच, फक्त मोठं. मागणी अचानक चढली की विजेची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० हर्ट्झच्या खाली घसरते. म्हणून शेतीफीडरना (शेतीला वीज देणाऱ्या लाइनींना) पाळ्या लावतात, स्मार्ट मीटर वेळेनुसार वापर नोंदवतो आणि दरही वेळेप्रमाणे ठेवता येतो. दुपारी सौरवीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती जाते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. ही खिंड साताऱ्याची कोयना जलविद्युत योजना लढवते. तिची क्षमता १९६० मेगावॅट. कोळशाच्या थंड संचाला तयार व्हायला तास लागतात, जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. पण त्या विजेसाठी कोयनेचं पाणी सह्याद्रीपलीकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) मंजूर आहे. पंप दुपारी चालले, तर त्यातलं थोडं संध्याकाळसाठी धरणातच राहतं.