व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझरचे कॅलिब्रेशन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर हे घटकातून पुढे जाणारा आणि परावर्तित होणारा उच्च वारंवारतेचा संकेत मोजणारे यंत्र. त्याच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असूनही मापे जुळत नाहीत, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. याचे कारण बहुधा हे असते की ‘कॅलिब्रेशन’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळी कामे ओळखली जातात. पहिले काम आमचे: आम्ही उपकरण राष्ट्रीय मानकांशी जोडलेल्या संदर्भांशी ताडून पाहतो आणि निष्कर्ष अनिश्चिततेसह नोंदवतो. दुसरे काम मात्र मापनापूर्वी शॉर्ट, ओपन, लोड (संकेत शोषून घेणारा शेवट) आणि थ्रू (थेट जोड) हे किटमधील प्रमाणभूत तुकडे जोडून आपल्याच टेबलावर करायचे असते, कारण केबल आणि अडॅप्टर यांच्या चुका त्यातूनच वजा होतात.

ही वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. कॅलिब्रेशननंतर उरलेली डायरेक्टिव्हिटी (जाणारा आणि परतणारा संकेत वेगळे ओळखण्याची यंत्राची क्षमता) ४० डीबी (डेसिबल) आणि मोजायच्या घटकाचा खरा रिटर्न लॉस (परतणारा संकेत किती क्षीण आहे याचे माप) ३० डीबी असेल, तर या एकाच कारणाने पडद्यावर २७.६ पासून ३३.३ डीबीपर्यंत कोणताही आकडा दिसू शकतो. म्हणून असा घटक नापास करण्यापूर्वी आपले लोड किती चांगले आहे, हे पाहावे.

कॅलिब्रेशन झाल्यावर तेच लोड पुन्हा जोडून ६० डीबी दिसले की अनेकांचे समाधान होते. वस्तुतः हे लोड निर्दोष आहे असे आपणच यंत्राला नुकतेच सांगितलेले असते. त्यामुळे त्या आकड्यातून जोडणी पुन्हा तशीच बसते एवढेच कळते. पडताळणीसाठी कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेला, माहितीतला अ‍ॅटेन्युएटर (संकेत ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा घटक) बाजूला राखून ठेवावा. मेनूमध्ये चुकीचा किट निवडला तरी यंत्र बहुधा तक्रार करत नाही. १० गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी सुमारे ३० मिलिमीटर असते, त्यामुळे किटच्या व्याख्येतील १ मिलिमीटरचा फरक जाऊन-येऊन २ मिलिमीटर होऊन परावर्तनाची कला (फेज) २४ अंशांनी हलवतो.

आमच्या अनुभवात सर्वाधिक नुकसान कनेक्टरचे होते. एसएमए आणि ३.५ मिलिमीटरचे कनेक्टर (केबल जोडायच्या स्क्रू-जोडाचे दोन प्रकार) एकमेकांत बसतात, पण एसएमएची पिन बाहेर आलेली असेल तर ३.५ मिलिमीटरच्या मादी कनेक्टरमधील नाजूक पाकळ्या कायमच्या दबतात. जोडण्यापूर्वी पिनची खोली गेजने तपासावी, जोडताना फक्त नट फिरवावा, कनेक्टरचे अंग फिरवू नये, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच द्यावा, ३.५ मिलिमीटरसाठी तो साधारण ०.९ न्यूटन-मीटर असतो. पक्कडीने आवळलेला कनेक्टर आम्हाला पाहताक्षणी ओळखू येतो.

उपकरण पाठवताना नेहमी वापरात असलेल्या केबली आणि कॅलिब्रेशन किटही धूळटोप्या लावून सोबत द्यावा, आणि कोणत्या वारंवारतेवर किती फरक आढळला ते चिठ्ठीवर लिहावे. नुसते यंत्र आले, तर आम्ही त्याला निर्दोष ठरवून परत पाठवू आणि खराब केबल आपल्याकडेच राहील.