वजनाचं ऑपरेशन चरबीचं नसतं

‘तोंडावर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं.’ लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पाठीमागे हे हमखास बोललं जातं. या शस्त्रक्रियेत चरबी काढतच नाहीत. चरबी काढतात ती लायपोसक्शनमध्ये. आणि भूक आवरणं हा निव्वळ मनोनिग्रहाचा प्रश्नही नाही.

जठराच्या वरच्या फुगीर भागाला फंडस म्हणतात. घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथं तयार होतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. जेवणाआधी ते रक्तात चढतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला भुकेची वर्दी देतं आणि जेवल्यावर उतरतं. डाएट करून वजन घटवलं, की घ्रेलिन आधीपेक्षा जास्त राहतं, तृप्ती देणारी संप्रेरकं घटतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागवू लागतं. ही ओढ वर्षभरानंतरही टिकलेली आढळली आहे. उतरवलेले दहा किलो परत येतात ते यामुळे. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. मध-लिंबाचं कोमट पाणी किंवा घाम काढणारा पट्टा घ्रेलिनला हातही लावत नाही.

लठ्ठपणासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया नेमकी फंडसवर घाव घालते. तोंडावाटे साधारण १२-१३ मिलिमीटर जाडीची नळी जठरात उतरवतात. दुर्बिणीतून पाहत, नळीच्या कडेनं स्टेपलर मारत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं जठर. कौशल्य लागतं ते दोन जागी. मधल्या वळणावर स्टेपलर फार जवळ लागला तर वाट अरुंद होते, उलट्या थांबत नाहीत. वर अन्ननलिकेजवळ फंडसचा तुकडा राहिला तर तो पुढे फुगू शकतो. उलट अगदी अन्ननलिकेला खेटून कापलं तर टाक्यांतून गळतीची भीती. सारं नीट झालं, की घ्रेलिन झपाट्यानं उतरतं. अन्न लवकर आतड्यात पोचतं आणि जीएलपी-१ हे तृप्तीचं संप्रेरक वाढतं. वजन घटवण्यासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ची नक्कल करतात. ती बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं.

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बहुतेक द्रव आहार देतात. यकृतातली चरबी घटून त्याचा डावा भाग आक्रसतो, नाहीतर तो जठरावर आडवा येतो. नंतर घोट-घोट द्रव, मग पातळ, मग मऊ अन्न; जेवताना पाणी नाही, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो. म्हणून बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि गोळ्या जन्मभर. वजन उतरलं म्हणून गोळ्या सोडल्या, की काही वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागतात.