मायलिन आणि विशीतले मनोविकार

स्किझोफ्रेनिया बहुतेकदा विशीच्या आगेमागे सुरू होतो. हुशार, हसरा मुलगा एकलकोंडा होतो, त्याला आवाज ऐकू येऊ लागतात आणि ‘वयच तसं आहे’ म्हणत घरचे वर्ष काढतात. त्या वयात मेंदूत खरोखरच मोठं काम चालू असतं. कपाळामागच्या भागातल्या चेतातंतूंवर तेव्हा मायलिन चढत असतं.

मायलिन म्हणजे चेतातंतूभोवती गुंडाळलेले स्निग्ध थर. मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी ते तयार करतात. मायलिन नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर सरकतो, तर जाड मायलिन असलेल्या तंतूतून शंभर मीटरपर्यंत धावतो. हालचालींचे मार्ग लहानपणीच बरेचसे तयार होतात. संयम आणि निर्णय सांभाळणाऱ्या मार्गांचं काम मात्र पंचविशी उलटली तरी चालूच असतं. या मार्गांवर संदेशांची वेळ चुकली, तर स्वतःच्याच मनातला विचार परक्याचा आवाज वाटू शकतो, असा एक तर्क आहे.

मला याबाबतीत सर्वांत बोलका वाटतो तो मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हा दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्यात एक विकर (एन्झाइम) कमी पडतं, सल्फाटाइड नावाचे स्निग्ध पदार्थ साचतात आणि मायलिन नष्ट होत जातं. हा आजार बाळपणी झाला, तर शिकलेलं चालणं जातं. पण १२ ते ३० या वयात सुरू झालेल्या रुग्णांच्या नोंदी १९९२ साली तपासल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांत भास आणि भ्रम आढळले. अशा रुग्णांवर आधी मनोविकाराचे उपचार होतात. पाय अडखळू लागले की एमआरआय निघतो आणि खरं निदान कळतं.

पण एवढ्यावरून स्किझोफ्रेनिया हा मायलिनचा आजार ठरत नाही. २००१ साली मृत रुग्णांच्या मेंदूत मायलिनशी संबंधित जनुकं मंदावलेली दिसली, पण मायलिनमधला बिघाड आजाराचं कारण आहे की परिणाम, हे अशा तपासणीतून ठरवता येत नाही.

एकटेपणाचाही मायलिनवर परिणाम होतो. २०१२ साली बॉस्टनच्या संशोधकांनी २१ दिवसांची उंदरांची पिल्लं दोन आठवडे एकेकटी ठेवली. पुढे कळपात सोडल्यावरही ती इतरांत मिसळेनात आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं मायलिन पातळच राहिलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात प्रौढ उंदीर आठ आठवडे एकटे ठेवले. त्यांचंही मायलिन पातळ झालं, पण सोबत मिळाल्यावर ते पुन्हा भरून आलं.