विद्यार्थ्यांना घर भाड्याने देताय? स्वतः कारभार पाहणाऱ्या घरमालकांसाठी

नमस्कार.

मध्ये एजंट न ठेवता तुम्ही कॉलेजच्या मुलामुलींना घर देता आणि भाड्यापासून भांडणापर्यंत सगळं स्वतः निस्तरता. पाहणी आणि दुरुस्तीची कामं आमच्याकडे येतात, त्यामुळे ही घरं आम्हाला तीनदा दिसतात: मुलं यायच्या आधी, मध्येच काही बिघडल्यावर आणि मुलं गेल्यानंतर. त्यावरून आमचं एक ठाम मत झालं आहे. या घरांमधलं बरंचसं नुकसान मुलांना काही माहीतच नसल्यामुळे होतं. नळ गळाला की घरात मोठ्यांना सांगायचं, एवढाच आजवरचा त्यांचा अनुभव. आता मोठं माणूस घरात नाही. म्हणून चावी देतानाचा एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवा. घाईत, दारात उभ्या उभ्या चावी देऊ नका.

चावी देताना

राहणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी बोलवा. एकाला दाखवलेलं बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. पाण्याचा मुख्य कॉक नुसता बोटाने दाखवू नका. प्रत्येकाला तो स्वतःच्या हाताने बंद करू द्या, मग नळ उघडून धार खरंच थांबते का ते बघायला सांगा. वर्षभर न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो. तो आताच कळला तर अर्ध्या तासाचं काम आहे. मध्यरात्री पाइप निखळल्यावर कळला तर खालच्या मजल्याचं छतही तुमच्या खर्चात येतं.

मग विजेचा बोर्ड. कोणता स्विच कोणत्या खोलीचा, याच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवून ठेवा. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला की लगेच वर करायचा नाही. शेवटी लावलेली वस्तू आधी काढायची. तरीही परत पडला तर हात लावायचा नाही, तुम्हाला फोन करायचा. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद न करता दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तो तिथून हलवा, ही आमची कळकळीची विनंती आहे. बंद जागेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला काही कळायच्या आत ग्लानी येते.

त्याच तासात फोटो काढा, तेही मुलांसमोर. आधी पूर्ण खोली, मग एकेक डाग आणि चीर जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दारामागची भिंत, गादीची खालची बाजू, ओट्याखालचं कपाट आणि वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे हमखास राहून जातात. हे फोटो त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा आणि यादीवर सह्या घ्या. राहून गेलेलं काही मुलांना दिसलं तर कळवायला आठवडाभराची मुदत द्या. त्यांनाही वाटलं पाहिजे की ही यादी त्यांच्या बाजूने आहे.

एक्स्टेंशन बोर्डाचं गणित

हे आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. खोलीत प्लग दोन आणि राहणारे तिघे, म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड येणारच. 1500 वॉटची इलेक्ट्रिक किटली 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर करंट ओढते. त्याच बोर्डावर 1500 वॉटचा हीटर लावला की झाले 13. आता बोर्डाच्या वायरची क्षमता 6 अँपिअर असेल आणि त्या खोलीचा एमसीबी 16 चा, तर एमसीबीच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं. तो पडत नाही, आणि पलंगाखालून गेलेली वायर तापत राहते. ‘काही झालं तर एमसीबी पडेलच’ हा भरवसा इथे खोटा ठरतो.

नुसती मनाई केल्याने बोर्ड थांबत नाहीत. प्रत्येक टेबलापाशी एक पक्का प्लग पॉइंट जास्तीचा बसवून घ्या, आणि पाणी गरम करण्याची सोय घरातच नीट करून द्या. ई-स्कूटरची बॅटरी रात्री बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावायची नाही, हे करारातही लिहा. खिडक्यांना जाळ्या असतील तर निदान एक आतून उघडणारी हवी.

ओल, गळती आणि वास

चार जणांच्या अंघोळी आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे, एवढं भिंतीला बुरशी धरायला पुरतं. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी सुरू होऊ शकते. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावा आणि कपड्यांना हवेशीर जागा द्या. फ्लशची टाकी गुपचूप गळते का, हे बघायची सोपी युक्ती: टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं सील गेलं आहे. हे काम मुलं आनंदाने करतात.

करार आणि येणं-जाणं

सगळ्यांचा मिळून एक करार करायचा की खोलीवार वेगळा, हे आधीच ठरवा. एकत्र करारात सगळे मिळून आणि प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असेल, तर ते सहीच्या आधी मुलांना सोप्या शब्दांत सांगा. एक जण मध्येच सोडून गेल्यावर उरलेल्यांना ते पहिल्यांदा कळणं बरं नाही. डिपॉझिटची मर्यादा, ते परत करायची मुदत आणि घरात शिरण्याआधी द्यायची सूचना यांचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आपल्या भागापुरते पाहून घ्या. कायदा काही म्हणो, न सांगता घरात जाऊ नका. ते तुमचं घर असलं तरी त्या वर्षापुरता तो त्यांचा संसार आहे. भाडं पालक भरत असले तरी करार ज्याच्या नावावर, आधी त्याच्याशी बोला.

पाहणी महिन्याभराने एकदा आणि मग सत्रातून एकदा पुरे. परीक्षेच्या दिवसांत रंगारी पाठवू नका, आम्हालाही पाठवू नका. गळती, वीज, गॅस आणि कुलूप एवढ्याच कामांना तेव्हा आम्ही येतो.

मुलं जाताना

पहिल्या दिवशीचे फोटो हातात घेऊन त्याच क्रमाने घर फिरा, मुलं सोबत असतानाच. फिकट झालेला रंग, दाराच्या मुठीची झीज, चालण्याच्या वाटेवर घासलेली फरशी ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन किंवा जळालेला ओटा हे नुकसान. तिथेही वस्तूचं वय मोजा: दहा वर्षं वापरलेल्या पंख्याच्या जागी नव्याची पूर्ण किंमत लावणं योग्य नाही. जे कापाल त्याची पावती आणि फोटो हिशेबासोबत द्या. दोन्ही वेळच्या पाहणीचे कोरे तक्ते आम्ही या पत्रकासोबत जोडले आहेत. एक प्रत मुलांसाठी आहे.