नत प्रतल

नत प्रतल : क्षितिजाशी कोन करून ठेवलेला सपाट पृष्ठभाग. शालेय पुस्तकांत यालाच उतरण म्हणतात. मालमोटारीत पिंप चढवायची फळी किंवा घाटातला रस्ता ही त्याची परिचित रूपे आहेत. साधे यंत्र म्हणून त्याचा उपयोग सर्वांना ठाऊक असल्यामुळे येथे मुख्यतः गती व बल यांच्या अभ्यासातील त्याच्या स्थानाचा विचार केला आहे. न्यूटनचे नियम शिकून झाल्यावर विद्यार्थी जी पहिली खरी उदाहरणे सोडवतो, त्यांत उतरणीवरचा ठोकळा हमखास असतो.

बलांचे विभाजन : ठोकळ्यावर तीनच बले असतात : खाली ओढणारे वजन (व), प्रतलाला लंब असणारी प्रतिक्रिया आणि प्रतलाला समांतर असे घर्षण. अक्ष आडवा-उभा न घेता प्रतलाला समांतर व लंब असा घेतला, तर लंब दिशेत त्वरण शून्य ठरते आणि निम्मे काम तेथेच संपते. कलकोन क असल्यास वजनाचा समांतर घटक व × साइन क आणि लंब घटक व × कॉस क येतो. घर्षण नसल्यास त्वरण गु × साइन क एवढे असते (गु = गुरुत्वीय त्वरण); वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंस असल्याने निघून जाते. घर्षणगुणांक (घर्षण व लंब प्रतिक्रिया यांचे गुणोत्तर) घ असल्यास खाली घसरणाऱ्या ठोकळ्याचे त्वरण गु × (साइन क − घ × कॉस क) होते. (जुन्या मराठी ग्रंथांत त्वरणाला प्रवेग म्हटलेले आढळते.)

कलकोन ३०° व घ = ०.२ धरल्यास त्वरण सुमारे ३.२ मी./से.² येते. लंब प्रतिक्रिया वजनाइतकीच मानली, तर उत्तर २.९४ येते. सपाट जमिनीवरच्या उदाहरणांची सवय झाल्याने ही चूक फार वेळा होते. वजन आणि त्याचे घटक दोन्ही आकृतीत काढले, तर एकच बल दोनदा मोजले जाते. ठोकळा वर ढकलून सोडला असेल, तर घर्षण खालच्या दिशेने लागते व मंदन ६.६ मी./से.² होते, म्हणून चढण्याचे आणि उतरण्याचे गणित वेगवेगळे मांडावे लागते. ठोकळा स्थिर असताना घर्षण फक्त गरजेपुरते, म्हणजे व × साइन क इतकेच असते. गुणांकाने गुणून मिळते ती त्याची कमाल मर्यादा होय. ठोकळा घसरण्याच्या बेतात येतो त्या कोनाचा टॅन म्हणजेच स्थितिक घर्षणगुणांक.

इतिहास : हेरॉन या ॲलेक्झांड्रियाच्या अभियंत्याने सांगितलेल्या पाच साध्या यंत्रांत उतरण नाही. पाचर व स्क्रू मात्र आहेत. उतरणीवरून वस्तू वर नेण्यास किती बल लागेल, या प्रश्नाची पॅपस या ग्रीक गणितज्ञाने (इ. स. चौथे शतक) दिलेली उकल चुकीची होती, कारण सपाट पृष्ठभागावरही वस्तू सरकवण्यास ठरावीक बल लागतेच, असे त्याने गृहीत धरले होते. बरोबर उकल तेराव्या शतकात जॉर्डेनस या गणितज्ञाच्या नावावर असलेल्या एका लॅटिन ग्रंथात आढळते. ग्रंथाच्या कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत. सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये त्रिकोणी आधारावर टाकलेल्या चौदा गोळ्यांच्या माळेची कल्पना करून हाच निष्कर्ष काढला. माळ आपोआप अखंड फिरत राहणे अशक्य आहे, एवढ्या एका विधानावर त्याची सिद्धता उभी आहे.

गॅलिलीओचा प्रयोग : १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलीओने उतरणीवरील प्रयोगाचे सविस्तर वर्णन केले आहे. सुमारे बारा हात लांबीच्या तुळईत बोटभर रुंदीची सरळ खाच कोरून तिला गुळगुळीत चर्मपत्राचे अस्तर लावले होते. तीतून कठीण ब्राँझचा गोळा सोडला जाई. वेळ मोजण्यासाठी भांड्याच्या बारीक नळीतून वाहिलेले पाणी तोलले जाई. कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे शंभर वेळा पाहूनही दिसले आणि फरक नाडीच्या ठोक्याच्या दशांशाहून जास्त नव्हता, असे तो म्हणतो.

गॅलिलीओच्या अशा प्रयोगांबद्दल मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने त्याच्या हयातीतच शंका घेतली होती. विसाव्या शतकात विज्ञानेतिहासकार अलेक्सांद्र कोयरे यांनी ती ठामपणे मांडली. त्यांच्या मते अशा ओबडधोबड साधनांनी एवढी अचूकता अशक्य असून प्रयोग बहुधा कल्पनेतलाच होता. त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. गॅलिलीओने १६३२ च्या ग्रंथात शंभर हात पतनास पाच सेकंद लागतात असे लिहिले आहे. फ्लॉरेन्सचा हात सुमारे ५८ सेंमी. धरल्यास यावरून गुरुत्वीय त्वरण प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी येते.

मात्र १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तशीच उतरण व पाण्याचे घड्याळ वापरून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वर्णनातली अचूकता सहज साधली. पुढे विज्ञानेतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील गॅलिलीओच्या हस्तलिखितांच्या ७२ व्या खंडातील पाने तपासली. पान १०७ च्या मागील बाजूस ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४ असे आकडे आहेत. ड्रेक यांच्या मते ती गोळ्याने समान कालांतरांच्या शेवटी कापलेली अंतरे आहेत. ३३ ला १, ४, ९ … ६४ या वर्गांनी गुणून ते ताडून पाहावेत : शेवटचा आकडा २११२ यायला हवा, तेथे २१०४ आहे. सूत्रावरून रचलेले आकडे असे थोडे थोडे चुकलेले नसते. ड्रेक यांनी हे पान सुमारे १६०४ चे मानले व उतरणीचा कल १.७° च्या आसपास काढला. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला पाओलो सार्पी या आपल्या स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात गॅलिलीओ वर्गाचा नियम बरोबर सांगतो. पण त्याचे कारण म्हणून वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे चुकीचे तत्त्व देतो. नियम आधी हाती आला आणि उपपत्ती मागाहून, या तर्काला त्यामुळे बळ मिळते. समान कालांतरे त्याने गाण्याच्या तालावर मोजली, हे ड्रेक यांचे अनुमान आकर्षक आहे, पण ते सर्वमान्य नाही. प्रयोग प्रत्यक्षात झाला, एवढे मात्र या पानानंतर नाकारणे कठीण आहे.

घरंगळणारा गोळा : गोळा घसरत नाही, तर फिरत उतरतो. म्हणून उंचीमुळे मिळणारी ऊर्जा पुढे जाण्यात व फिरण्यात वाटली जाते. भरीव गोळ्याचे त्वरण गु × साइन क च्या ५/७, भरीव दंडगोलाचे २/३ आणि कड्याचे १/२ पट असते. त्रिज्या व वस्तुमान यांचा त्यात संबंध येत नाही. खाचेच्या दोन कडांवर टेकून चालणाऱ्या गोळ्यासाठी हा अंश ५/७ हूनही कमी होतो. गॅलिलीओला याची कल्पना नव्हती. परंतु हा अंश सबंध उतरणीवर तोच राहतो, त्यामुळे अंतर व वेळ यांचे प्रमाण बिघडत नाही; बिघडतो तो केवळ स्थिरांक. म्हणूनच पान १०७ वरचे आकडे सुबक जुळतात. शंभर हातांच्या चुकीचा उलगडा मात्र ५/७ नेही पूर्ण होत नाही.

घाटातील चढ : १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा कमाल चढ ३७ स १ (३७ मीटर अंतरात १ मीटर) आहे. हा कोन सुमारे १.५५° होतो, म्हणजे ड्रेक यांनी काढलेल्या कलाच्या अगदी जवळचा. १,००० टनांच्या गाडीसाठी वजनाचा समांतर घटक सुमारे २६५ किलोन्यूटन येतो. चाकांचा रोध त्याहून वेगळा. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने जोडण्याची पद्धत याच घटकामुळे पडली.