सांगोल्याचे आबासाहेब: एकाच तालुक्यातून ११ वेळा आमदार, ते कसं काय?

आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. त्यांचं नाव निघालं की लोक लगेच आकडा सांगतात, ११ वेळा आमदार, तेही एकाच सांगोल्यातून आणि एकाच पक्षातून. आकडा खराच आहे पण त्याच्या मागे काय होतं ते कोणी फारसं सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आबासाहेब मूळचे सांगोल्याचे नव्हतेच. त्यांचं गाव पेनूर, तालुका मोहोळ. शिकायला पुण्यात गेले, वकिली शिकले आणि त्याच काळात शेतकरी कामगार पक्षाच्या विचारात आले. शेकाप म्हणजे काय ते आत्ताच्या पोरांना सांगावं लागतं. १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसमधूनच बाहेर पडलेली माणसं होती ती, केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे, स्वातंत्र्य आलं पण कुळाचं आणि शेतमजुराचं काय हा त्यांचा प्रश्न होता. १९५० ला दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाची भूमिका उघड घेतली. पुढे जेधे, मोरे दोघंही परत काँग्रेसमध्ये गेले, बरेच मोठे नेते गेले, आणि गणपतराव मात्र शेवटपर्यंत पक्षाची खटारा निशाणी आणि लाल झेंडा सोडून कुठे गेले नाहीत.

आता सांगोला. सोलापूर जिल्ह्याचं पश्चिम टोक, पर्जन्यछायेतला तालुका, माण नदी आहे पण ती वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या, आणि पाऊस गेला की माणसं ऊसतोडीला बाहेर. धनगर समाज इथे मोठा आहे आणि आबासाहेब त्याच समाजातले, त्याचा फायदा झाला नसेल असं कोणी म्हणणार नाही. पण नुसत्या जातीवर माणूस पन्नास वर्षं टिकत नाही हो, तसं असतं तर १९७२ ला आणि १९९५ ला पडलेच नसते.

१९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झालेली. १९६७ ला परत. १९७२ ला पराभव झाला आणि तेच वर्ष दुष्काळाचं. आमच्या घरातली जुनी माणसं अजून ७२ म्हटलं की गप्प होतात. खडी फोडायची, पाझर तलावाची माती डोक्यावरून वाहायची, रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळाच्या कामांतून राज्यभर पोचली आणि पुढे तिचा कायदा झाला. या काळात गणपतरावांकडे आमदारकी नव्हती, आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. मला वाटतं त्यांचं सगळं पुढचं राजकारण या दुष्काळातच ठरलं, कारण नंतर आयुष्यभर ते बोलले ते दोनच गोष्टींवर, हाताला काम आणि शेताला पाणी.

तिथून १९९० पर्यंत सलग. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले, ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. १९९५ ला फक्त १९२ मतांनी पडले, शहाजीबापू पाटील निवडून आले. १९९९ ला परत आले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले, पण २००२ ला शेकापने पाठिंबा काढला, मंत्रिपद सुटलं. म्हणजे एवढ्या वर्षांत सत्तेत थोडाच काळ, बाकी सगळं विरोधी बाकावर. विरोधात बसून तालुक्यासाठी काम काढून आणणं किती अवघड असतं ते ज्यांनी एखाद्या रस्त्यासाठी मंत्रालयाच्या चकरा मारल्यात त्यांनाच कळेल.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी १३ तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव हे त्यातले प्रमुख. मागणी साधी, कृष्णेचं पाणी फक्त नदीकाठच्या उसाला नको, समान वाटा. टेंभू योजनेत कराडजवळून पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर उचलून आटपाडी, सांगोल्याकडे आणायचं, आणि हे व्हायला किती वर्षं गेली ते या भागातल्या माणसाला विचारा, एक पिढी वाट बघण्यातच गेली. पाणी येईपर्यंत लोक बोर आणि डाळिंबाकडे वळले, रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड आली होती १९९० च्या आसपास, त्यात माळरानावर डाळिंबं उभी राहिली. नंतर तेल्या रोगाने बागा खाल्ल्या पण तरी सांगोल्याचं नाव डाळिंबाने झालं, २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातूनच.

आणि सूतगिरणी. तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही आणि तिथे सहकारी सूतगिरणी काढली, ती नीट चालवली, बायकांसाठी वेगळी गिरणी काढली. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती.

एसटीचं सगळ्यांना माहीत आहे, आबासाहेब आमदार असूनही एसटीने फिरायचे. लाल डब्यात आमदारासाठी सीट राखीव असते, तसं लिहिलेलं असतं, पण त्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला बहुतेकांनी कधी बघितला नसेल. सांगोल्याच्या लोकांनी बघितलाय. धोतर, सदरा, टोपी, आणि शेजारी बसलेला माणूस बिनधास्त आपलं सातबाऱ्याचं किंवा डीपी जळाल्याचं गाऱ्हाणं सांगतोय. ज्याला आमदाराच्या गाडीची काच खाली होण्याची वाट बघावी लागत नाही तो माणूस मत देताना हे विसरत नाही, माझं तरी असं मत आहे.

२०१४ ला मोदी लाटेत राज्यात शेकापचे तीनच आमदार आले, दोन रायगडचे आणि तिसरे हे, वय ८८ च्या आसपास. २०१९ ला स्वतःहून थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच सांगोल्यातून निवडून आले, अख्ख्या विधानसभेत पक्षाचा तो एकच आमदार.