हिज्कीया राजाचा काळ आणि बाबेलमधले चंद्रग्रहण

नासाच्या संगणकाला भूतकाळातला एक दिवस हरवलेला आढळला आणि त्याचा हिशेब बायबलने लावून दिला, ही कथा कित्येक वर्षे मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. तिच्यानुसार हरवलेल्या २४ तासांपैकी २३ तास २० मिनिटे बायबलमधला इस्राएली सेनानी यहोशवा याच्या लढाईत सूर्य थांबल्यामुळे गेली आणि उरलेली ४० मिनिटे यहूदा या प्राचीन राज्याचा राजा हिज्कीया याच्यासाठी सावली दहा अंश मागे सरकली तेव्हा गेली. नासाने असे काहीही शोधलेले नाही. नासाची स्थापना १९५८ची आहे, आणि हा हिशेब १८९०मध्येच छापला गेला होता. शिवाय मूळ हिब्रू कथेत सावली दहा पायऱ्या मागे जाते. अंशांचा आणि त्यावरून काढलेल्या मिनिटांचा तिथे संबंध नाही. आजच्या स्थितीपासून मागे मोजत जाणाऱ्या संगणकाला मधला दिवस गहाळ असल्याचे कळण्याचा मार्गच नसतो. त्यासाठी त्या काळी कोणीतरी आकाशाकडे पाहून केलेली स्वतंत्र नोंद लागते. अशा नोंदी खरोखरच आहेत, आणि त्यांतली एक या राजाच्या फार जवळ येते.

मराठी बायबलमधला हिज्कीया हिब्रूमध्ये ‘हिज्कियाहू’ आहे. परमेश्वर बळ देतो, असा या नावाचा अर्थ. यरुशलेममधल्या (जेरुसलेम) उत्खननात मिळालेल्या आणि २०१५मध्ये जाहीर झालेल्या मातीच्या एका लहानशा मुद्रेवर हेच नाव ‘आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा’ या ओळखीसह उमटलेले आहे. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकानुसार तो २५व्या वर्षी गादीवर आला आणि त्याने २९ वर्षे राज्य केले. सावलीचा प्रसंग त्याच्या आजारपणातला आहे, आणि त्या आजाराची बातमी ऐकून बाबेलच्या (बॅबिलोन) मरोदख-बलदान राजाने त्याच्याकडे दूत पाठवल्याची हकिकत त्याच प्रकरणात येते.

हाच मरोदख-बलदान प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या ग्रंथात ‘मार्दोकेम्पाद’ म्हणून भेटतो. त्याच्या पहिल्या वर्षी बाबेलमध्ये दिसलेले खग्रास चंद्रग्रहण टॉलेमीने नोंदवले आहे: चंद्र उगवल्यानंतर तासाहून बराच अधिक वेळ गेल्यावर ते सुरू झाले. आजच्या गणिताने ही तारीख इ.स.पूर्व ७२१मधील १९ मार्च येते. परंतु पृथ्वी आजच्याच वेगाने सदैव फिरत आली आहे असे धरून गणित केले, तर बाबेलमध्ये हे ग्रहण मध्यरात्र उलटून गेल्यावर लागायला हवे होते. हा पाच-साडेपाच तासांचा फरक निरीक्षकाची चूक नसून पृथ्वीचे परिवलन मंदावत असल्याचा पुरावा आहे. चंद्र पृथ्वीभोवती कधी कुठे असेल हे त्याच्या कक्षेवरून ठरते, तर त्या क्षणी बाबेल सूर्यापासून किती वळलेले असेल हे पृथ्वीच्या परिवलनावरून ठरते. ग्रहणाची स्थानिक वेळ या दोन घड्याळांतला फरक दाखवते. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा, पण हिमयुगानंतर ध्रुवांजवळची जमीन वर उचलली जात असल्याने पृथ्वीचा आकार किंचित बदलतो आणि प्रत्यक्षातली वाढ सुमारे १.८ मिलिसेकंद भरते. ही वाढ नगण्य वाटेल, परंतु २५ शतकांपूर्वीचा प्रत्येक दिवस सुमारे ४५ मिलिसेकंदांनी लहान होता, आणि मधल्या नऊ लाखांहून अधिक दिवसांतली तूट एकत्र केली की उत्तर तासांत येते. ग्रहणांना शकुन-अपशकुन मानणाऱ्या समाजाने भीतीपोटी का होईना, वेळा काटेकोरपणे लिहून ठेवल्या. आज त्या भीतीला काही आधार उरलेला नाही, पण नोंदी मात्र अमोल आहेत.

हिज्कीयाच्या कारकिर्दीचा काळ ठरवतानाही एक ग्रहणच कामी येते. अश्शूरमध्ये (असिरिया) प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत आणि त्या नावांची यादी ठेवत. बुर-सगाले या अधिकाऱ्याच्या वर्षी सिमानू महिन्यात सूर्यग्रहण झाल्याची नोंद तीत आहे, आणि ते इ.स.पूर्व ७६३मधील १५ जूनचे ग्रहण होय. तिथून नावे मोजत आले की अश्शूरचा राजा सन्हेरीब याची यहूदावरील स्वारी इ.स.पूर्व ७०१मध्ये पडते. यहूदाची ४६ तटबंदीची शहरे घेतल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेममध्ये कोंडल्याचे सन्हेरीबाने स्वतःच मातीच्या प्रिझमांवर (अनेक बाजूंच्या लेखस्तंभांवर) लिहवून घेतले आहे. यरुशलेम जिंकल्याचे मात्र तो लिहीत नाही.

बायबल ही स्वारी हिज्कीयाच्या १४व्या वर्षी झाली असे सांगते, म्हणजे तो इ.स.पूर्व ७१५च्या सुमारास गादीवर आला असावा. तिथेच उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी पडल्याचे लिहिले आहे, आणि शोमरोनचा पाडाव इ.स.पूर्व ७२२च्या सुमाराचा असल्याने राज्यारंभ ७२७च्या आसपास मागे जातो. काही अभ्यासक पहिले विधान प्रमाण मानतात, काही दुसरे, तर काही हिज्कीया आधी काही वर्षे वडिलांबरोबर संयुक्तपणे राज्य करत होता असे म्हणतात. हा मतभेद ग्रहणांनी मिटण्यासारखा नाही, कारण अश्शूर आणि बाबेल यांची वर्षे आकाशाशी पक्की बांधलेली असली, तरी यहूदाच्या लेखनिकांनी आपल्या राजाचे पहिले वर्ष कुठून मोजले याची नोंद आकाशात नसते.